मायल्स टाउनसनचा परवाना

हिल्डा ॲस्क्यूला पत्रं लिहिणाऱ्या सगळ्यांचेच खापरपणजोबा श्रीमंत असायचे. ओहायोवाल्यांचे श्रीमंत, ओंटारिओवाल्यांचे श्रीमंत, आणि न्यूझीलंडात मेंढ्या राखणाऱ्यांचे तर विचारूच नका. कुणीतरी कुठूनतरी लग्नाच्या जुन्या हमीपत्राची नक्कल पैदा करायचा, त्यावरचा दोनशे पौंडांचा आकडा वाचून हुरळून जायचा आणि लिहायचा की, आमच्या पूर्वजानं लग्नाच्या परवान्यासाठी त्या काळात एवढी रक्कम मोजली, तर त्याची हवेली कुठं होती ते कृपया शोधून कळवावं. मग हिल्डा चष्मा पुसायची, पेनात शाई भरायची आणि तेच ते पुन्हा लिहायची. महाशय, त्यानं दमडीही मोजली नाही. लग्नाला काही अडचण नाही असं त्यानं शपथेवर सांगितलं होतं; ते खोटं निघालं असतं तरच ही रक्कम भरायची वेळ आली असती. आकडा सगळ्यांना सारखाच लावत. तुमचा पूर्वज बहुधा शेतावर गडी होता.

याचं उत्तर आलं तर रागाचं यायचं. बहुतेकदा यायचंच नाही.

अल्व्हरस्टनच्या एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करता करता हिल्डाचं निम्मं आयुष्य गेलं. तिथल्या पेट्यांतली जुनी खरेदीखतं वाचून वाचून तिला ते गिचमिड अक्षर लागायला लागलं, आणि नोकरी सुटल्यावर तोच उद्योग पाठीमागं लागला. आठवड्यातून दोनदा ती आपल्या सॉल्टकोट गावाहून आगगाडीनं दप्तरखान्यात जायची, थंडगार टेबलाशी बसून लोकांचे पूर्वज शोधायची आणि अंधार पडायच्या सुमाराला गुडघे चोळत परत यायची. दुसऱ्यांच्या लग्नाचे कागद वाचण्यात जन्म गेला आणि हिचं स्वतःचं तेवढं राहिलं, हा गावातला जुना विनोद होता. आधी ती त्यावर हसायची, मग चिडायची. आता तिला दोन्हीचा कंटाळा आला होता.

घरात ती आणि तिचा भाऊ क्लिफर्ड. क्लिफर्ड घोडागाडी घेऊन ओहोटीच्या वेळी खाडीच्या वाळूत कोळंबी धरायला जायचा, आणि संध्याकाळी गुत्त्यात बसून कोळंबीपेक्षा मोठ्या थापा मारायचा. हिल्डा त्या थापाही दुरुस्त करायची. म्हणून तो म्हणायचा, तुझ्या थडग्यावर काय कोरायचं ते मी ठरवून ठेवलंय, 'पुरावा अपुरा'. लोकही तिला जरा टरकूनच असत. कुणी सहज म्हणावं की आमचं घराणं थेट देश जिंकणाऱ्या नॉर्मन सरदारांपासूनचं, आणि तेवढ्यात हिल्डा दारातून आत यावी, की बोलणारा हवापाण्याकडं वळायचा.

हिल्डाला या सगळ्याचा वीट आला होता. हे वर्ष संपलं की पत्रांना उत्तरं द्यायची नाहीत, बागेत वाटाणे लावायचे, असं तिनं ठरवलं होतं. तेवढ्यात शेजारच्या डॉर्कस बेन्सननं तिला बोलावणं धाडलं.

डॉर्कस मावशीला नाही म्हणणं हिल्डाला कधीच जमलं नव्हतं. आई गेली तेव्हा ही दोन पोरं उघडी पडली होती. बाप स्टेशनावर हमाल, दिवस-रात्र पाळीवर. तेव्हा डॉर्कसनं काही न बोलता आपल्या टेबलावर दोन बशा जास्त मांडायला सुरुवात केली, आणि ती मोठी होईपर्यंत त्या बशा उचलल्या नाहीत. आता तिनं पंच्याऐंशी ओलांडली होती. नवरा गेलेला, मुलगा युद्धात गेलेला, हृदय कुरकुरत होतं, आणि जिना चढवेना म्हणून तिची खाट खाली स्वयंपाकघरात आणली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की, आता काय ते उरकून घ्या.

डॉर्कसला उरकायचं होतं ते एकच. तिची आजी टॅमर लग्न लागलेल्या आईबापांची होती की बिनलग्नाची, हे तिला मरण्याआधी हवं होतं.

गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. टॅमरची आई एलिन फेल, चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याची मुलगी. तिला दिवस गेले ते त्यांच्याच गड्याकडून, मायल्स टाउनसन त्याचं नाव. तो म्हणे ओहोटीला उघडी पडणारी खाडीची वाळू तुडवत पलीकडं लँकेस्टरला गेला आणि बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर चढून वेस्ट इंडीजला पळाला. एलिननं पोर जन्माला घातलं, चर्चच्या वहीत त्या पोरीपुढं बापाची जागा कोरी राहिली, आणि तेव्हापासून त्या घराण्यात टाउनसन ही शिवी झाली. कुणी उशिरा घरी आला, कुणी काम अर्धवट सोडलं, की तो 'टाउनसन'. टॅमर स्वतःच ती शिवी घालायची. डॉर्कस लहानपणी आजीच्या मांडीवर बसून ती शिकली होती.

"तुझ्याकडं जगातल्या सगळ्यांचे कागद येतात," डॉर्कस म्हणाली. "माझा एक बघ. लग्न लागलं होतं की नाही, एवढंच. माझ्या आजीला चॅपेलमध्ये प्रार्थनेला बायका मागच्या बाकावर बसवायच्या, पोरी. मी तिच्या शेजारी बसायचे."

हिल्डानं हो म्हटलं आणि घरी येऊन स्वतःवरच चरफडली. असल्या शोधाचं काय होतं ते तिला माहीत होतं. काहीच सापडत नाही, आणि न सापडल्याचा दोष शोधणाऱ्यावर येतो.

पण सापडलं. नोव्हेंबरातल्या एका ओल्या मंगळवारी, लँकेस्टरच्या जुन्या धर्मकचेरीतल्या गठ्ठ्यांत, १८११ सालच्या नोव्हेंबरातलं मायल्स टाउनसनचं हमीपत्र निघालं. वराचं नाव, वधू एलिन फेल, कुमारिका, दोघांची वयं एकवीस किंवा अधिक, लग्न लावायचं ते तिच्याच गावच्या चर्चमध्ये. खाली मायल्सची खूण म्हणून एक वाकडी फुली, आणि जामीन म्हणून किलनर नावाच्या माणसाची सही. हा किलनर हिल्डाच्या जुन्या कागदांतून चांगला ओळखीचा होता. कचेरीला लागून त्याची खाणावळ होती आणि ग्लासभर बिअरवर तो कुणालाही जामीन राहायचा. दर वर्षी कुणीतरी अमेरिकन त्याला आपला हरवलेला मामा समजून बसायचा.

त्या फुलीकडं हिल्डा बराच वेळ बघत राहिली. सगळं तिच्या ध्यानात आलं. साधं लग्न करायचं तर तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारावी लागणार, आणि कुणाची हरकत असेल तर त्यानं उठून सांगायचं. एलिनचा बाप उठलाच असता, आणि नुसता उठून थांबला नसता. परवाना काढला की पुकारा टळतो. परवाने जवळच्या पाद्र्याकडंही मिळत, पण तो पाद्री एलिनच्या बापाकडं जेवायला असायचा. म्हणून हा गडीमाणूस खाडीची वाळू ओलांडून लँकेस्टरला आला, साहेबापुढं टोपी काढून उभा राहिला आणि त्यानं शपथ घेतली. हमीपत्र कचेरीत राहिलं. परवाना खिशात घालून तो बाहेर पडला.

त्या संध्याकाळी जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं की, डॉर्कस मावशीचा टाउनसन सापडला, हमीपत्र आहे. एवढंच. तिला पुढं सांगायचं होतं, पण दिवसभराच्या थकव्यानं तिचे डोळे मिटायला लागले होते, आणि ती उठून झोपायला गेली. क्लिफर्डला कसला दम. तो तसाच उठून शेजारी गेला आणि सांगून आला की लग्न झालं होतं, हिल्डानं कागद बघितलाय.

सकाळी हिल्डा शेजारी गेली तेव्हा डॉर्कस उशीला टेकून बसली होती. तिनं चॅपेलची चांगली टोपी डोक्यावर घातली होती, खाटेवर बसल्या बसल्या. चॅपेलमधल्या दोघी जणी येऊन केक खाऊन गेल्या होत्या. पाथरवटाला निरोप गेला होता. टॅमरच्या थडग्यावर नुसतं नाव होतं, त्याखाली आता 'मायल्स आणि एलिन टाउनसन यांची कन्या' असं कोरायचं होतं. डॉर्कसनं हिल्डाचे दोन्ही हात धरले आणि रडली. ती रडताना हिल्डानं कधी पाहिलं नव्हतं, मुलाची तार आली तेव्हासुद्धा.

हिल्डाला तिथंच सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं नाही. चर्चच्या वहीतली नोंद तेवढी बघायची राहिलीय, ती बघते आणि मग पाथरवटाला बोलवू, असं काहीतरी पुटपुटून ती बाहेर पडली. घरी आल्यावर तिनं क्लिफर्डला असं फैलावर घेतलं की तो खुर्चीतून उठेना. परवाना म्हणजे लग्न नव्हे, हे ती हजार माणसांना कळवून बसली होती, आणि स्वतःच्या घरात एकाला सांगायचं राहिलं होतं. परवाना म्हणजे लग्न लावायची नुसती मुभा. तो काढून न वापरलेले कितीतरी. कुणी मत बदलतं, कुणी भांडतं, कुणी मरतं.

"मग आता नोंद शोध की," क्लिफर्ड पडेल आवाजात म्हणाला. "असेलच."

तिनं शोधलं. आयुष्यात कुणा गिऱ्हाइकासाठी शोधलं नाही तसं शोधलं. एलिनच्या गावची वही, मायल्सच्या गावची, मग आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या. ती दर वहीत लग्न नसणार हे धरून चालायची आणि तरी पान उलटताना तिचा जीव खालीवर व्हायचा. नोंद नव्हतीच. पुढच्या फेब्रुवारीत टॅमरचा बाप्तिस्मा तेवढा होता, एलिन फेल हिची अनौरस मुलगी म्हणून, ठसठशीत अक्षरात.

मग तिनं खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावरची चर्चं धरली. लग्नासाठी नव्हे. वाळू ओलांडून गेलेला माणूस परत न येण्याची कारणं तिच्या गावात पोरांनाही पाठ असतात. थर्लम नावाच्या लहानशा गावच्या दफनाच्या वहीत, मायल्सनं शपथ घेतली त्याच महिन्याच्या अखेरीस, एक ओळ होती. एक तरुण माणूस, अनोळखी, वाळूवरून आणलेला. बास. नाव नाही, कपड्यांचं वर्णन नाही, खिशात कागद होता-नव्हता त्याचा उल्लेख नाही.

हिल्डानं वही मिटली आणि तिथंच बसून राहिली. शेवटची गाडी चुकेल म्हणून चौकीदारानं येऊन हटकलं तेव्हा ती उठली.

तिनं क्लिफर्डला विचारलं. त्यानं या वेळी थापा मारल्या नाहीत. नोव्हेंबरात पश्चिमेचा वारा असला, केंट नदीच्या पात्राशी माणसाला पाठीमागून भरतीनं गाठलं, तर तो थर्लमच्याच बाजूला लागेल, असं तो म्हणाला. आणि मग म्हणाला की, तसा तो दुसराही कुणी असू शकेल. गलबतावरचा खलाशी, गुरांचा व्यापारी. त्या काळी दर हिवाळ्यात माणसं जायची.

"पण तू सांगून टाक की तोच," तो म्हणाला. "अगं, सांग की परत येताना बुडाला. कोण तपासायला येणार आहे? तूच तर तपासतेस सगळं."

हाच तर घोळ होता. हिल्डा त्या रात्री अंथरुणात पडून छताकडं बघत राहिली. दुसऱ्या कुणी हा सांधा जोडला असता तर तिनं दोन मिनिटांत तोडला असता. मायल्सनं परवाना काढला आणि मग बंदरावर जाऊन त्याचं मन फिरलं, असंही झालं असेल. शपथ घेतलेली माणसंही पळतात. आणि तिला स्वतःला मायल्स बुडालेला हवा होता, इतका हवा होता की तिला त्याची लाज वाटली. तिनं ठरवलं की लग्न झालंच असं सांगावं आणि मोकळं व्हावं. मग ठरवलं की तो बुडाला एवढंच खोटं सांगावं. पहाटे तिनं दोन्ही सोडून दिलं, कारण तिला आता खोटं रचायचीही ताकद उरली नव्हती.

डॉर्कस मावशी जागीच होती. हिल्डा खाटेच्या कडेला बसली आणि जसं होतं तसं सांगितलं, अलंकार नाही, सांत्वन नाही. परवाना निघाला होता. लग्न लागलं नाही. मायल्स कचेरीतून निघाला, त्यापुढं त्याचा पत्ता नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर एक अनोळखी माणूस पुरलाय. तो मायल्स असेल, नसेलही.

डॉर्कसनं डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. 

"पाथरवटाला नको म्हणून सांग," ती म्हणाली.

"सांगते."

"तू म्हणाली असतीस की तोच तो, तर मी मानलं असतं."

"माहीत आहे," हिल्डा म्हणाली. "म्हणून नाही म्हणाले."

तिला वाटलं, आता म्हातारी तोंड फिरवेल. तिनं फिरवलंही. भिंतीकडं बघत तिनं हिल्डाला जायला सांगितलं, आणि आठवडाभर हिल्डानं नेलेलं सूप तसंच परत पाठवलं. हिल्डानं आलेली पत्रं न फोडता खणात टाकली. तिच्या मनात आलं की आपण आयुष्यभर लोकांकडून काही ना काही काढूनच घेत आलो. कुणाची हवेली, कुणाचा सरदार, आणि आता जिनं आपल्याला जेवू घातलं तिची आजी. ती क्लिफर्डशीही बोलेना. क्लिफर्ड गुत्त्यात गेला नाही, यावरून काय ते समजा.

मग एके दिवशी सूप परत आलं नाही, रिकामं भांडं आलं. त्याच्यासोबत निरोप होता की थर्लमला जायचंय.

डॉक्टर नको म्हणाले. डॉर्कस म्हणाली की, त्यांनीच उरकून घ्या म्हटलंय. स्टेशनाचे जिने तिला झेपणार नव्हते, म्हणून क्लिफर्डनं मित्राची मासळीची मोटारगाडी मागून आणली. पुढच्या बाकावर दोघा भावंडांच्या मध्ये डॉर्कस, मांडीवर घोंगडी, आणि मागून कोळंबीचा घमघमाट. खाडीला वळसा घालून जाताना सगळा वेळ ती खिडकीतून त्या करड्या वाळूकडं बघत होती. ओहोटी होती. लांबवर कुणाची तरी घोडागाडी मुंगीएवढी दिसत होती. ती एकदाच बोलली. तिनं क्लिफर्डला विचारलं की, माणसाला समजतं का, पाणी मागून आलं म्हणजे. क्लिफर्ड म्हणाला, समजतं, पण उशिरा.

थर्लमच्या पाद्र्याला अनोळखी माणसाची जागा ठाऊक नव्हती. वाळूवरून आणलेल्यांना उत्तरेच्या भिंतीशी पुरत, एवढंच तो सांगू शकला. तिथं दगड नव्हते. उंचसखल जमीन, गेल्या सालचं वाळकं गवत आणि खाजरी झुडपं. नेमकं कुठं उभं राहावं हेही कळेना. शेवटी डॉर्कसच एका जागी थांबली, आणि क्लिफर्डनं तिला एका बाजूनं धरलं.

हिल्डा मागं उभी होती. तिचे पाय दुखत होते आणि तिला वाटत होतं की आपण या म्हातारीला थंडीत फुकट इथवर आणलं. कुठल्या तरी खलाशाच्या थडग्यावर आणलं.

"हे बघ," डॉर्कस गवताला म्हणाली. "तू माझा पणजोबा, पण माझ्यापुढं पोरगाच आहेस, तेव्हा अरे-तुरे करते. टॅमर चांगली म्हातारी होऊन मेली. सात पोरं झाली तिला. तू गेला होतास आमच्यासाठी, हे तिला कुणी सांगितलं नाही. मरताना तिनं तुला शिव्या दिल्या आणि मी शेजारी बसून तिला साथ दिली. चुकलं आमचं."

बोलता बोलता तिला धाप लागली. क्लिफर्डनं मान वळवून बहिणीकडं पाहिलं. पणजोबा म्हणाली होती ती, सरळ पणजोबा, असेल-नसेल काही नाही. आणि हिल्डा आता काय बोलते याची त्याला धास्ती पडली होती.

हिल्डा पुढं झाली. तिनं डॉर्कसचा दुसरा दंड धरला आणि म्हणाली, "मावशी, त्याला एलिनचंही सांगा."